पाहुण्यांना आणायला गेलेली बस

ब्रेकबाईंचं खरं नाव फक्त त्यांच्या लायसन्सवर उरलं होतं. नवरासुद्धा 'अगं' म्हणून भागवायचा. गाडी शिकवायचा धंदा त्यांचा. शिकणारा स्टिअरिंगवर आणि बाई शेजारच्या सीटवर, पायाखाली स्वतःचा वेगळा ब्रेक. तो ब्रेक त्या क्वचितच दाबायच्या, पण दाबला की शिकणाऱ्याचं कपाळ काचेपर्यंत जाऊन परत यायचं. अशाच एका कपाळवाल्याने त्यांना हे नाव ठेवलं आणि ते वाऱ्यासारखं पसरलं. बाईंच्या कानावर आलं तेव्हा त्या म्हणाल्या, "ठेवू देत. कुणीतरी ब्रेक लावणारं लागतंच की."

फुटबॉलशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. संबंध होता तो त्यांच्या धाकट्या भावाचा. तो गावच्या फुटबॉल क्लबचा चिटणीस होता. त्याला दूरच्या बंदरावर नोकरी लागली, तेव्हा जाण्याच्या आदल्या दिवशी तो किल्ल्यांचा जुडगा घेऊन बाईंच्या दारात उभा राहिला.

"ताई, दोन महिने सांभाळ. तोवर कुणीतरी मिळेल."

"आणि नाही मिळालं तर?"

"मिळेल गं. एवढं मोठं गाव आहे."

एवढ्या मोठ्या गावात कुणी मिळालं नाही. भाऊ तिकडेच रमला, लग्न करून स्थायिक झाला, आणि क्लब बाईंच्या गळ्यात पडला तो पडलाच.

क्लब तसा जुना. एके काळी गावात कौलांचा मोठा कारखाना होता, त्याच्या कामगारांनी तो काढलेला. कारखाना बंद पडून जमाना झाला, पण क्लबच्या जर्सीवर छातीपाशी अजून एक लाल कौल होतं आणि आजूबाजूच्या गावांत खेळाडूंना 'कौलवाले' म्हणत. मैदान नदीकाठच्या सखल जागेत होतं. ती जागा कुणाला घर बांधायलाही नको होती, म्हणून क्लबकडे राहिली. पाहुण्या संघाच्या खोलीचं छप्पर गळायचं. यजमानांच्या खोलीचंही गळायचं, पण तिथे बादली कुठे ठेवायची हे सगळ्यांना माहीत होतं.

तिसऱ्या गटातला क्लब म्हणजे काय, हे बाईंना हळूहळू कळत गेलं. वरच्या गटातल्या क्लबांना जाहिरातदार असतात, टीव्हीवाले असतात. तिसऱ्या गटातल्या क्लबाला पंचांचं मानधन द्यावं लागतं, सामन्याच्या दिवशी दाराशी रुग्णवाहिका उभी करावी लागते, आणि दर पंधरा दिवसांनी सगळ्या संघाला परगावी न्यावं लागतं, आणि हे सगळं खिशात पैसे नसताना. खेळाडूंना पगार नव्हता. कप्तान विजेच्या तारा जोडायचा. गोलकीपर बेकरीत भट्टीवर असायचा. तो पहाटेपासून उभा, त्यामुळे बसमध्ये बसला की त्याची मान जी टाकली जायची ती मैदान आल्यावरच वर यायची. डाव्या बाजूचा बचावपटू गॅरेजमध्ये मेकॅनिक होता. पुढचा, गोल मारणारा, औषधं विकत फिरायचा आणि सामना संपला की त्याच गावातल्या दुकानदारांना भेटून यायचा.

खेळाचे नियम बाईंनी आपल्या पद्धतीने समजून घेतले. ऑफसाइड त्यांना कितीतरी दिवस कळेना. शेवटी कप्तानाने सांगितलं, "बाई, सिग्नल हिरवा होण्याआधी पुढे गेलेली गाडी." तेव्हापासून लाइन्समनच्या आधी त्यांचाच हात वर जायला लागला.

खजिनदार रंगाचं दुकान चालवायचे. मैदानावरच्या रेषा आखायला लागणारा चुना गेली कित्येक वर्षं त्यांच्या दुकानातून फुकट यायचा, आणि प्रत्येक पोत्याबरोबर एक तक्रारही यायची. माणूस कुरकुऱ्या, पण हात स्वच्छ. बाईंचं आणि त्यांचं रोज वाजायचं आणि रोज मिटायचं.

सगळ्यात मोठा खर्च बसचा. एका ठेकेदाराकडून बस भाड्याने घ्यायचे आणि त्याची उधारी कायम अंगावर असायची. एकदा सामन्याच्या दिवशी सकाळी सगळा संघ बॅगा घेऊन चौकात उभा राहिला आणि बस आलीच नाही. ठेकेदाराने फोन उचलला नाही. गोलकीपर दुकानाच्या पायरीवर बसल्या बसल्या झोपला. दोन टॅक्स्या मिळाल्या, पण त्यात सहा-सात जणच मावणार. दुपार झाली तसं बाईंनी समोरच्या क्लबाला कळवलं की आम्ही येऊ शकत नाही. समोरच्यांना न खेळता विजय मिळाला. यालाच वॉकओव्हर म्हणतात, आणि एका हंगामात दोन वेळा वॉकओव्हर दिला की क्लबाला लीगमधून बाहेर काढतात, हेही बाईंना त्याच दिवशी कळलं.

त्या दिवशी त्यांना हरल्याचं दुःख नव्हतं, ते त्यांना सवयीचं होतं. पण खेळाडू बॅगा उचलून आपापल्या घरी चालत निघाले, हे त्यांच्या मनाला फार लागलं. घरी येऊन त्या नवऱ्याला म्हणाल्या, "हरायचं तर खेळून हरू दे त्यांना."

नवरा पोस्टातून निवृत्त झालेला. आयुष्यभर टपालाची वर्गवारी केलेला माणूस, बोलणं मोजकं. तो म्हणाला, "मग बस घे."

"बस काय भाजी आहे का?"

"मी आपलं सुचवलं."

बाईंच्या डोक्यात मात्र ते बसलं. गावाबाहेरच्या शाळेची एक बस मागच्या अंगणात गंजत पडली होती. पिवळा रंग उडालेला, आतल्या सीटा लहान मुलांच्या मापाच्या. बाई मुख्याध्यापकांना जाऊन भेटल्या. व्यवहार असा ठरला की शाळेच्या नव्या चालकांना बाई वर्षभर फुकट शिकवतील आणि बस क्लबाला मिळेल. मेकॅनिकने इंजिन खोललं आणि बराच वेळ आत बघत राहिला.

"काय रे, जमेल का?" बाईंनी विचारलं.

"बाई, यात पक्ष्याने घरटं केलंय."

"ते काढ की."

"तेवढंच धड आहे आत."

तरी त्याने ती चालू केली. इकडून तिकडून सुटे भाग जमवले, आठवडेच्या आठवडे कामावरून सुटला की तो तिच्याखालीच झोपलेला असायचा. कप्तानाने दिवे जोडले. खजिनदारांनी कुरकुरत लाल रंग दिला. प्रश्न उरला चालवणाऱ्याचा. ड्रायव्हर ठेवायचा तर त्याचा पगार. बाईंनी पन्नाशी ओलांडली होती आणि आजवर त्यांनी शिकवल्या त्या छोट्या गाड्या. त्यांनी अवजड वाहनाच्या लायसन्ससाठी अर्ज केला. परीक्षेच्या रांगेत सगळे ट्रकवाले, आणि मध्ये पर्स काखेत मारून या उभ्या. त्यांच्यातला एक मागून म्हणाला, "काकू, मुलाला घेऊन आलात का?" बाई म्हणाल्या, "मुलगा नाही, बस घेऊन आलेय." आणि पहिल्याच फेरीत पास होऊन बाहेर आल्या.

तेव्हापासून कौलवाल्यांचा संघ कधी गैरहजर राहिला नाही. उशीर झाला, टायर फुटले, एकदा तर खेळाडूंनी चालत्या बसमध्ये कपडे बदलले आणि थेट मैदानात उड्या टाकल्या. लहान मुलांच्या सीटांवर उंच माणसं गुडघे हनुवटीला लावून बसायची. हरून परत येताना बाई गाडी हळू चालवायच्या आणि जिंकून येताना त्याहून हळू, कारण तेव्हा सगळे उभे राहून नाचत असायचे.

आता खरी गोष्ट सांगायची ती एका हंगामाच्या शेवटच्या सामन्याची.

त्या वर्षी कौलवाल्यांचं काही धड चाललं नव्हतं. शेवटचा एक सामना उरला, तो घरच्या मैदानावर, आणि गटात टिकायचं तर निदान बरोबरी हवी होती. हरले तर चौथ्या गटात जायचं. समोर होता डोंगरावरच्या खाणगावाचा क्लब. त्यांना 'खाणवाले' म्हणत. ते गुणतक्त्यात मध्यावर होते, वर जायचा प्रश्न नव्हता, खाली यायची भीती नव्हती.

आदल्या दिवशी संध्याकाळी बाई नुकत्याच शेवटच्या विद्यार्थ्याला सोडून घरी आल्या होत्या, तेवढ्यात फोन वाजला. पलीकडे खाणवाल्यांचे चिटणीस होते. ते शाळामास्तर होते, त्यांना सगळे गुरुजी म्हणायचे.

"बाई, उद्या आम्ही येत नाही," गुरुजी म्हणाले. "आमच्या बसवाल्याने हात वर केले. मागचं भाडं द्या म्हणतो, मग गाडी. सगळीकडे विचारून झालं. तुम्हाला लवकर कळवतोय ते एवढ्यासाठी की रुग्णवाहिका सांगितली असेल तर रद्द करा. जेवणाचंही काही करू नका. उगाच खर्चात पडाल."

बाईंनी विचारलं, "सामना पुढे ढकलता येत नाही का?"

"शेवटची फेरी आहे. लीगवाले नाही म्हणाले."

"तुमचा आधी एक वॉकओव्हर झालाय ना या वर्षी?"

"झालाय." गुरुजी म्हणाले. "हा दुसरा. असू दे. तुम्ही टिकाल, तेवढं तरी बरं झालं."

फोन ठेवला आणि बाई तिथेच स्टुलावर बसल्या. न खेळता विजय, न खेळता गटात मुक्काम. वर्षभर ज्याच्यासाठी जीव काढला ते घरबसल्या दारात आलं होतं. आणि त्यांना काही गोड लागेना. त्या माणसाचा क्लब बुडत होता आणि तो त्यांची रुग्णवाहिका वाचवत होता.

त्या उठून खजिनदारांच्या दुकानात गेल्या. ते शटर ओढायच्या बेतात होते. बाईंनी सगळं सांगितलं तसा त्यांचा चेहरा उजळला. मग बाईंनी पुढचं सांगितलं आणि तो मावळला.

"तुम्ही त्यांना आणायला जाणार? आपल्या बसने?"

"सकाळी लवकर निघाले तर दुपारच्या आत घेऊन येते."

"बाई, डोकं ठिकाणावर आहे ना? ते आले आणि आपण हरलो तर आपण खाली जाणार."

"माहीत आहे."

"नियम आपण केलेत का? आपण वॉकओव्हर दिला तेव्हा कोण आलं होतं आपल्याला न्यायला?"

"कुणी नाही. कुणी आलं असतं तर बरं झालं असतं, असं तेव्हा तुम्हीच म्हणाला होतात."

खजिनदारांनी शटर अर्ध्यावर सोडलं. "बस क्लबची आहे, तुमच्या घरची नाही."

"डिझेल मी घालते."

"प्रश्न डिझेलचा नाही, बाई," ते म्हणाले. "त्या पोरांनी वर्षभर अंग मोडून काम केलंय. तुमच्या चांगुलपणाचा खर्च त्यांनी का सोसायचा?"

ते खरंच होतं. त्या तिथून निघाल्या आणि कप्तानाच्या घरी गेल्या. तो अंगणात मुलीची सायकल दुरुस्त करत बसला होता. त्याने सगळं ऐकून घेतलं, हात पुसले, परत पाना उचलला, परत खाली ठेवला.

"बाई, तुम्ही मला विचारताय का?"

"विचारतेय."

"मग नका विचारू. विचारलंत तर मी कप्तान आहे, मला नाहीच म्हणावं लागेल. आणि एकदा नाही म्हटलं की ते जन्मभर मनात राहील माझ्या. तुम्ही सकाळी गाडी कुठे नेता ते मी विचारत नाही. तुम्हीही सांगू नका."

बाई फाटकापर्यंत गेल्या तेव्हा मागून तो म्हणाला, "पुढच्या डाव्या चाकात हवा कमी आहे. बघून घ्या."

घरी आल्यावर त्यांनी नवऱ्याला सांगितलं. वाटलं होतं, तो तरी काहीतरी ठाम बोलेल, हो किंवा नाही. तो फक्त म्हणाला, "थर्मास मोठा घेऊ की छोटा?"

उजाडायच्या आधी दोघं निघाले. डोंगराचा रस्ता चढाचा आणि वळणांचा. बस धापा टाकत चढत होती. प्रत्येक वळणावर बाईंच्या मनात खजिनदारांचं वाक्य यायचं आणि पुढच्या वळणावर गुरुजींचा आवाज यायचा. नवरा शेजारी बसून अधूनमधून चहा पुढे करत होता. एकदा बाई म्हणाल्या, "मी चुकतेय का हो?" तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "चुकत असशील. पण आता इथे बस वळवायला जागा नाही." बाईंना हसू आलं आणि त्यांनी गिअर बदलला.

खाणगावात पोचल्या तेव्हा गुरुजी घरच्या कपड्यांत झाडांना पाणी घालत होते. लाल बस दारात बघून त्यांच्या हातातला पाइप तसाच वाहत राहिला.

"बाई? तुम्ही इथे कशा?"

"आधी पाणी बंद करा," बाई म्हणाल्या. "आणि पोरांना गोळा करा. वेळ नाही."

पोरं घराघरांतून निघाली. कुणी अंघोळ अर्धवट सोडून आलं, एकाला खाणीवरच्या पाळीवरून ओढून आणावं लागलं, एकाचे बूट धुवायला टाकलेले, ते ओलेच पिशवीत कोंबले. बस भरली. ज्यांच्याविरुद्ध खेळायचं त्यांच्याच गाडीत बसायचं, तर कुठे बघावं हे कुणाला कळत नव्हतं.

उतरणीच्या निम्म्या वाटेवर मध्येच एक उभा चढ लागायचा. तिथे इंजिनाने मान टाकली. बाईंनी बस बाजूला घेतली, मागे वळून बघितलं आणि म्हणाल्या, "उतरा सगळे. ढकलायची आहे."

सगळे उतरले. धिप्पाड पोरं होती, दगड फोडणारी. त्यांनी खांदे लावले आणि बस हलली. गुरुजीही पँटचे पाय वर दुमडून ढकलायला लागले. वर पोचल्यावर सगळे धापा टाकत आत चढले तेव्हा नवरा हळूच म्हणाला, "यांची ताकद इथेच संपली तर बरं होईल." बाईंनी त्याच्याकडे असं बघितलं की तो लगेच कप विसळायला लागला.

मैदानावर पोचल्या तेव्हा गावाला सगळं कळलेलं होतं. फाटकाशी नेहमीपेक्षा गर्दी होती. बाई बसमधून उतरल्या आणि कुणी नमस्कार केला नाही. एकाने मोठ्याने विचारलं, "बाई, त्यांच्याकडून खेळणार का आज?" दोघे-तिघे हसले. खजिनदार चुन्याची शेवटची रेषा आखत होते. त्यांनी मान वर केली नाही. कप्तान मात्र चालत आला, गुरुजींच्या कप्तानाशी हात मिळवला आणि म्हणाला, "तुमच्या खोलीचं छप्पर गळतं. पण आज पावसाची चिन्हं नाहीत."

सामना जोरदार झाला. मध्यंतराआधीच औषधवाल्याने डोक्याने गोल मारला आणि सगळं मैदान उसळलं. बाई फाटकापाशी उभ्या होत्या. त्यांनी पदर मुठीत घट्ट धरला होता. उत्तरार्धात खाणवाल्यांनी बरोबरी केली. तरी चाललं असतं. बरोबरी पुरेशी होती. शेवटच्या मिनिटांत खाणवाल्यांच्या एका पोराने, ज्याचे बूट ओले होते त्याने, लांबून चेंडू हाणला. तो मेकॅनिकच्या पायाला लागून वळला आणि गोलकीपरच्या हातावरून आत गेला.

शिट्टी वाजली. कौलवाले खाली गेले.

खाणवाल्यांनी हात वर केले नाहीत, उड्या मारल्या नाहीत. गोलकीपर जाळीला टेकून बसून राहिला. मेकॅनिक तोंड झाकून उभा होता. बाई मैदानात गेल्या. त्या प्रत्येकाच्या हातात पाण्याची बाटली देत गेल्या. बहुतेकांनी घेतली. औषधवाल्याने घेतली नाही. तो त्यांच्याकडे न बघता म्हणाला, "न खेळता टिकलो असतो, बाई." बाई म्हणाल्या, "हो. टिकला असतात." बाटली त्यांनी त्याच्या पायाशी ठेवली आणि पुढे गेल्या.

गर्दी पांगत होती. कुणीतरी जाता जाता टोमणा मारला, "आता घरी सोडायलाही तुम्हीच जाणार असाल."

जाणारच होत्या. दुसरं कोण सोडणार? बाई बसपाशी आल्या. सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नव्हतं. नवऱ्याने दार उघडलं. आतमध्ये, चालकाच्या मागच्या सीटवर, अजून ओल्या केसांचा कप्तान बसला होता.

"तू कुठे निघालास?"

"तुम्ही दमलाय. घाटात डुलकी लागली तर कुणीतरी बोलत राहायला पाहिजे. काकांचा काही भरवसा नाही, ते बोलतच नाहीत."

नवऱ्याने मान डोलावली. त्याला ते पटलं होतं.

बस निघाली. ऊन उतरत होतं. मागे पुरा संघ बसलेला, जिंकलेला, आणि खोकायचीसुद्धा चोरी. गुरुजी बोटांनी गुडघ्यावर ताल धरायला लागले की लगेच हात मांडीखाली दाबून धरत. असं बराच वेळ चाललं. शेवटी बाईंनी आरशातून मागे बघितलं.

"अरे, जिंकलात ना तुम्ही?"

दोघा-तिघांनी माना हलवल्या.

"मग असे सुतक असल्यासारखे का बसलात? माझ्या गाडीत जिंकलेली माणसं गातात. नाचायचं मात्र नाही, सीटा मोडतील."

तरी कुणाचं धाडस होईना. मग कप्तानानेच घसा खाकरला आणि एक जुनं, कामगारांचं गाणं सुरू केलं. त्याचा आवाज बेसूर, पण मोठा. दुसऱ्या ओळीला मागच्या सीटवरून एक आवाज मिसळला, मग दुसरा, मग सगळी बस. बाई समोर बघत गाडी चालवत होत्या. कप्तान गाता गाता मध्येच थांबायचा, डोळे पुसायचा आणि परत सूर धरायचा. त्यांनी आरसा किंचित दुसरीकडे वळवला, त्याला बघितल्यासारखं वाटू नये म्हणून.

त्या रात्री ते तिघे गुरुजींच्याच घरी राहिले आणि सकाळी परतले.

क्लबची सभा पुढच्या आठवड्यात भरली. खजिनदारांनी उभं राहून सरळ सांगितलं की बाईंनी समितीला न विचारता निर्णय घेतला, क्लबचं नुकसान झालं, आणि चिटणीस बदलावा. कुत्सित काही बोलले नाहीत. बाईंना बोलायला सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "विचारलं असतं तर तुम्ही जाऊ दिलं नसतं, म्हणून विचारलं नाही. ते माझं चुकलं. पण उद्या परत कुणाचा असा फोन आला तर मी परत जाईन. हे आत्ताच सांगते, नंतर फसवलं म्हणू नका. आता तुम्ही ठरवा."

मग कोपऱ्यात पेंगत असलेल्या गोलकीपरने डोळे उघडले आणि विचारलं, "बाई नसल्या तर बस कोण चालवणार?" हसू फुटलं. पण खजिनदारांनी मतदान लावलंच. हात मोजले गेले, बाई राहिल्या. खजिनदारांचा हात विरोधात वर होता आणि त्यांनी तो शेवटपर्यंत खाली घेतला नाही. बाईंना त्यांचा राग आला नाही. नव्या हंगामाच्या आधी चुन्याची पोती नेहमीसारखी मैदानावर आली, तक्रारीसकट.

औषधवाला मोठ्या क्लबाकडे निघून गेला. जाताना तो बाईंच्या घरी आला, उंबऱ्यावरच उभा राहिला, "येतो" म्हणाला. बाईंनी त्याला आत बोलावून जेवू घातलं. त्याच्या जागी तसा खेळाडू पुन्हा मिळाला नाही. हे नुकसान खरंच होतं आणि बाईंनी ते कधी नाकारलं नाही.

पण चौथ्या गटात एक गोष्ट कुणाच्या ध्यानीमनी नव्हती. तिथले सगळे क्लब जवळपासचे. लांबलांबचे प्रवास बंद झाले, पंचांचं मानधन कमी, रुग्णवाहिका दोन क्लबांत मिळून एक चालायची. शेजारच्या गावांशी सामने, म्हणून समोरच्यांचे प्रेक्षक चालत यायचे आणि तिकीट काढायचे. वर्ष संपताना खजिनदार चष्मा वर-खाली करत बसले आणि मग बाईंना म्हणाले, "यंदा थोडं शिल्लक राहिलंय. मी दोनदा बघितलं." त्यातून पाहुण्यांच्या खोलीचं छप्पर झालं. आपल्या खोलीचं आधी का नाही, म्हणून खेळाडू कुरकुरले, बाई म्हणाल्या, "आपल्याला बादलीची जागा माहीत आहे."

खाणवाल्यांचा क्लब लीगमध्ये राहिला. हंगाम सुरू व्हायच्या आधी एका रविवारी गुरुजी बाईंच्या दारात हजर झाले. "मला बस शिकवा," म्हणाले. त्यांनी आयुष्यात सायकलशिवाय काही चालवलं नव्हतं. बाईंनी त्यांना आधी छोट्या गाडीवर घेतलं. गुरुजी वळायच्या आधी तोंडाने मोठ्याने सांगायचे, "आता आपण डावीकडे वळत आहोत," जणू वर्गाला शिकवत होते, आणि मग उजवीकडे वळायचे. तरी त्यांनी एकही रविवार चुकवला नाही. छोटीचं लायसन्स मिळालं, मग यथावकाश मोठीचंही. गावाने मिळून एक जुनी, शेवटच्या घटका मोजणारी बस घेतली. ती उभी करायला आपला मेकॅनिकच चार दिवस डोंगरावर जाऊन राहिला.

पुढच्या एका हंगामात एके दुपारी बाईंना फोन आला. गुरुजी होते. मागे गलका ऐकू येत होता.

"बाई, पोचलो. सगळे धड पोचलो. पलीकडच्या खोऱ्यातलं मैदान आहे."

"जिंकलात का?"

"अहो, सामना अजून व्हायचाय. आत्ताच पोचलोय."

"बरं," बाई म्हणाल्या. "गाडी उतारावर लावली असेल तर चाकाखाली दगड ठेवा. आणि मग खेळायला जा."